गाडीचा एसी थंड करत नाही? गॅस भरण्याआधी विचारायचे प्रश्न

निफाडची थंडी ओसरते, होळी होते आणि आठवड्याभरात आमच्याकडे गाड्यांची रांग लागते. काच खाली करून लोक पहिलं वाक्य एकच बोलतात, "दादा, गॅस भरून द्या." दुखणं काय आहे ते बघण्याआधीच औषध ठरलेलं असतं. नाशिकमध्ये बरीच वर्षं गाड्यांच्या एसीचंच काम करतोय, त्यामुळे कळकळीने सांगतो, गॅस हे पेट्रोल नाही. तो जळत नाही, खर्च होत नाही. कमी झाला असेल तर कुठून तरी बाहेर गेला आहे. ती जागा सापडल्याशिवाय भरलेला गॅस म्हणजे भोकाच्या माठात ओतलेलं पाणी. रोज कानावर येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

एसीचा गॅस दर वर्षी भरावा लागतो का?

नाही. घरातल्या फ्रिजचा गॅस तुम्ही दर वर्षी भरत नाही, तसंच हे. फरक एवढाच की गाडीत रबरी पाइप असतात, इंजिनाचा थरथराट असतो आणि कॉम्प्रेसरच्या शाफ्टला सील असतं. त्यामुळे बऱ्याच वर्षांत थोडा गॅस झिरपतो. पण एका उन्हाळ्यात भरलेला पुढच्या उन्हाळ्यापर्यंत टिकत नसेल, तर ते नक्की लिकेज आहे.

एसी नेमका थंडावा कसा तयार करतो?

तो थंडावा तयार करत नाही, गाडीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. कॉम्प्रेसर गॅस दाबतो, दाबलेला गॅस तापतो. पुढच्या जाळीमागे असलेल्या कंडेन्सरमध्ये त्याची उष्णता बाहेरच्या हवेत जाते आणि गॅसचा द्रव होतो. हा द्रव ड्रायरमधून, म्हणजे ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या डब्यातून, एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्राशी येतो. छिद्रापलीकडे दाब एकदम पडतो आणि डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये त्याची पुन्हा वाफ होते. वाफ व्हायला उष्णता लागते, ती तुमच्या केबिनच्या हवेतून घेतली जाते. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत आर-१३४ए हा गॅस असतो. उघड्या हवेत तो उणे २६ अंशांना उकळतो.

या साखळीतली कोणतीही कडी बिघडली तरी गाडीत बसलेल्याला एकच गोष्ट कळते, "थंड होत नाही." म्हणूनच अंदाजावर काम करून चालत नाही.

गॅरेजला जाण्याआधी घरी काय तपासता येईल?

बरंच काही. आधी कान द्या. इंजिन चालू ठेवून एसीचं बटण दाबल्यावर बऱ्याच गाड्यांत बॉनेटखालून "टक्" असा आवाज येतो आणि इंजिनाचा आवाज किंचित बदलतो. म्हणजे कॉम्प्रेसर लागला. काही नव्या गाड्यांच्या कॉम्प्रेसरला क्लच, म्हणजे बटण दाबल्यावर त्याला इंजिनाशी जोडणारा भागच नसतो, तिथे हा आवाज येणार नाही.

मग साधा थर्मामीटर घ्या, स्वयंपाकघरातला डिजिटल चालेल. गाडी सावलीत उभी करा, काचा बंद, आतलीच हवा फिरवणारं बटण चालू, तापमान सर्वांत थंडवर, ब्लोअर मध्यम. दहा मिनिटांनी मधल्या झरोक्यात थर्मामीटर धरा. बाहेर ३५ अंश असताना आत ५ ते १० अंशांच्या आसपास आकडा आला, तर एसी ठणठणीत आहे. पावसाळ्यात एक-दोन अंश जास्त आले तरी घाबरू नका. हवेतल्या बाष्पाचं पाणी करण्यात एसीची बरीच ताकद जाते. आपला एप्रिल कोरडा असतो, त्यामुळे तेव्हाचा आकडा जास्त खरा.

तिसरी गोष्ट, बॉनेट उघडून पाइप बघा. डॅशबोर्डकडून कॉम्प्रेसरकडे जाणारा जाड पाइप थंड आणि घामेजलेला असायला हवा, बारीक पाइप कोमट ते गरम. कॉम्प्रेसरमधून कंडेन्सरकडे जाणाऱ्या पाइपला हात लावू नका, चटका बसतो. आणि रेडिएटरचा पंखा केव्हाही सुरू होतो, ओढणी, मफलर, बोटं लांब ठेवा.

गाडीखाली पाणी ठिबकताना दिसलं तर ते चांगलं लक्षण आहे.

गेज लावल्यावर आकडे कसे वाचायचे?

निदानाचा गाभा हाच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गेज म्हणजे दाब मोजायचं साधन. त्याच्या सेटला दोन घड्याळं असतात. निळं लो म्हणजे कमी दाबाच्या बाजूचं, लाल हाय म्हणजे जास्त दाबाच्या बाजूचं. गाडी बरीच वेळ बंद असेल तर दोन्ही काटे सारखाच आकडा दाखवतात आणि तो फक्त तापमानावर ठरतो. आर-१३४ए साठी २५ अंशांना सुमारे ८२ पीएसआय (दाब मोजायचं एकक), ३० अंशांना ९७, ३५ अंशांना ११४, ४० अंशांना १३३. आता नीट ऐका. हा आकडा तक्त्याशी जुळला म्हणजे गॅस पुरेसा आहे असं नव्हे. टाकीत द्रवाचा थेंब शिल्लक असेपर्यंत दाब तोच राहतो, अर्धा सिलेंडर असो की भरलेला. पण आकडा तक्त्यापेक्षा खूपच कमी असेल तर गॅस जवळपास गेलेला आहे. आणि बराच जास्त असेल, तर आत हवा आहे किंवा दुसराच कुठला तरी गॅस मिसळलेला आहे.

मग गाडी सुरू करायची, इंजिन साधारण १५०० आरपीएमवर. ३०-३५ अंशांच्या दिवशी बहुतेक गाड्यांत लो बाजू २५ ते ४५ आणि हाय बाजू १५० ते २५० पीएसआयच्या दरम्यान राहते. त्यापलीकडे काटे काय सांगतात ते असं:

दोन्ही कमी: गॅस कमी. लिकेज शोधा.

दोन्ही जास्त: कंडेन्सरची उष्णता बाहेर जात नाही. पंखा बंद, जाळी मातीने गच्च, गॅस जास्त भरलेला, नाहीतर आत हवा राहिलेली.

लो जास्त आणि हाय कमी: दोन्ही काटे एकमेकांकडे सरकलेले. कॉम्प्रेसर दाब तयार करत नाही. मात्र व्हेरिएबल, म्हणजे गरजेनुसार कमी-जास्त गॅस दाबणारा कॉम्प्रेसर असेल तर आधी त्याचा कंट्रोल व्हॉल्व्ह तपासा, अख्खा कॉम्प्रेसर बदलायची घाई नको.

लो शून्याच्या जवळ किंवा त्याखाली: पुढे कुठेतरी चोकअप. एक्सपान्शन व्हॉल्व्ह किंवा ड्रायर. अशा वेळी पाइपवर हात फिरवत गेलं की एका जागी अचानक थंड लागतं, कधी कधी तिथे दव किंवा बर्फ धरतो. चोक तिथेच.

लो काटा आधी नीट, दहा-पंधरा मिनिटांनी खाली खाली, बंद करून पुन्हा लावलं की परत नीट: आत ओल आहे. व्हॉल्व्हच्या छिद्रात तिचा बर्फ होतो, मग वितळतो.

गेज न लावता "गॅस संपलाय" असं कोणी सांगत असेल, तर तो अंदाज आहे, निदान नाही.

गाडी पळताना थंड, नाशिकच्या द्वारका चौकातल्या गर्दीत गरम. का?

कारण पळताना वारा कंडेन्सरला थंड करतो, उभ्या गाडीत ते काम पंख्याने करायचं असतं. म्हणून पहिला संशय पंख्यावर. एसी लावा आणि पुढे वाकून बघा, पंखा फिरतोय का? काही गाड्यांत दाब वाढल्यावरच सुरू होतो, तेव्हा दोन-तीन मिनिटं थांबा. फिरत नसेल तर फ्यूज, रिले, मग मोटर. तुमच्या गाडीतला हॉर्नचा रिले त्याच नंबरचा असेल तर तो काढून पंख्याच्या जागी लावून बघता येतो, फुकटात निदान होतं.

पंखा ठीक असेल तर कंडेन्सरची जाळी बघा. दिंडोरी-निफाडच्या कच्च्या रस्त्यांवर फिरणाऱ्या गाड्यांच्या जाळीत माती, किडे, गवताच्या काड्या यांचा थर बसतो. बऱ्याचदा घाण दिसते ती पुढून नाही, कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत असते. साध्या पाण्याच्या हलक्या फवाऱ्याने धुवा. प्रेशर वॉशरची नळी जवळ धरली तर नाजूक पत्र्या झोपतात आणि मग हवा कायमचीच अडते.

लांबच्या प्रवासात तासाभराने हवा येणंच कमी होतं. ब्लोअर गेला का?

बहुधा नाही. कूलिंग कॉइलवर बर्फ जमलाय. समृद्धीवर सलग पळणाऱ्या गाड्यांची ही तक्रार मी वारंवार ऐकतो. ब्लोअर ओरडतोय, पण झरोक्यातून हवा फुंकरीइतकीच. खात्री करायची सोपी रीत आहे. एसी बंद करा, ब्लोअर चालूच ठेवा. पंधरा मिनिटांत गाडीखाली पाण्याची धार लागली आणि हवा पुन्हा पूर्ववत आली, तर बर्फच होता.

बर्फ का जमतो? कॉइल गोठायला आली की कॉम्प्रेसर बंद करणारा सेन्सर बिघडलेला असतो, किंवा केबिन फिल्टर इतका तुंबलेला असतो की कॉइलवरून पुरेशी हवाच जात नाही. गॅस थोडा कमी असला तरी हे होतं. सुरुवात फिल्टरपासून करा. बऱ्याच गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्समागे असतो आणि पाच मिनिटांत हाताने निघतो. कडुलिंबाच्या झाडाखाली गाडी लावणाऱ्यांनी तर दर सहा महिन्यांनी बघावा. परवाच एक फिल्टर काढला, त्यावर लिंबाच्या वाळलेल्या काड्यांची बोटभर गादी होती, मधोमध कबुतराचं पीस.

कसारा घाट चढताना एसी गरम हवा फेकतो. बिघाड आहे का?

थोडा वेळ असेल तर नाही. पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला की बऱ्याच गाड्यांचा संगणक इंजिनाला ताकद मिळावी म्हणून कॉम्प्रेसर काही सेकंद सोडतो. पण चढभर गरमच हवा येत असेल तर गाडीच्या तापमानाचा काटा बघा. इंजिन तापलं की संगणक एसी बंद ठेवतो. तेव्हा दुखणं एसीचं नसून कूलंटचं, थर्मोस्टॅटचं किंवा पंख्याचं असतं. ते आधी बघा, नाहीतर इंजिनाचं काम निघेल.

सकाळी छान चालतो, दुपारी उन्हात बंद पडतो, संध्याकाळी पुन्हा चालू. भुताटकी वाटते.

भुताटकी नाही, मॅग्नेट क्लच. बटण दाबल्यावर चुंबक समोरची चकती ओढून पुलीला चिकटवतो. या दोन्हींमधलं अंतर नव्या गाडीत साधारण अर्धा मिलिमीटर असतं. चकती झिजली की अंतर वाढतं. थंड असताना चुंबक ओढू शकतो. तापला की त्याच्या तारेचा विरोध वाढतो, ओढ कमी पडते आणि चकती लागतच नाही.

बंद पडलेल्या वेळीच गाडी दाखवायला आणा, हे फार महत्त्वाचं. क्लचच्या चुंबकापर्यंत बारा व्होल्ट येत असूनही चकती लागत नसेल, तर दोष क्लचचा. बऱ्याच गाड्यांत आतली पातळ शिम, म्हणजे अंतर ठेवणारी चकती, काढून अंतर कमी करता येतं आणि एवढ्यावर गाडी चालू होते. मी असे कॉम्प्रेसर पाहिलेत जे "गेला, नवा टाका" म्हणून सांगितले गेले होते आणि एका शिमवर पुढे दोन-तीन उन्हाळे चालले. व्होल्ट येतच नसतील, तर फ्यूज, रिले, प्रेशर सेन्सर, आणि हो, उंदीर. उभ्या गाड्यांच्या वायरी उंदीर कुरतडतात, हा आमच्याकडचा नेहमीचा अनुभव.

लिकेज कुठे होतं आणि ते सापडतं कसं?

गॅस दिसत नाही, पण त्याच्याबरोबर फिरणारं तेल दिसतं. जिथून गॅस निघतो तिथे थोडं तेलही येतं, त्यावर धूळ बसते. म्हणून मी आधी टॉर्च आणि पांढरं फडकं घेतो.

पिंपळगाव बसवंतचे एक द्राक्ष बागायतदार काका गाडी घेऊन आले होते. एकाच उन्हाळ्यात तीन ठिकाणी, तीन वेळा गॅस भरून झालेला. प्रत्येक वेळी पंधरा-वीस दिवस थंड, मग पुन्हा गरम. पुढचा बंपर सोडवला. कंडेन्सरच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात तळहाताएवढा काळपट डाग होता, बाकी जाळीवरची धूळ करडी आणि कोरडी. बोट लावलं तर चिकट. साबणाचं पाणी लावलं. आधी काहीच नाही, मग मोहरीएवढा एक बुडबुडा आला, फुटला, दुसरा आला. हायवेवर उडालेला खडा लागलेला. काका बराच वेळ त्या बुडबुड्याकडे बघत उभे राहिले. म्हणाले, "एवढ्याशा भोकासाठी तीन वेळा पैसे दिले?" त्यांचं ते वाक्य मला अजून सलतं, कारण त्या तिन्ही ठिकाणी कोणी दहा मिनिटं खाली वाकलं असतं तर हे दिसलं असतं.

कंडेन्सरखेरीज नेहमीच्या जागा म्हणजे जोडांच्या ओ-रिंगा, गॅस भरायच्या तोंडातली पिन, कॉम्प्रेसरचं शाफ्ट सील आणि पाइपचे दाबून बसवलेले सांधे. बारीक लिकेजसाठी गॅसबरोबर चमकणारा रंग सोडतात, काही दिवस गाडी चालवून अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली बघतात. गॅस पूर्ण गेलेला असेल तर नायट्रोजन भरून दाब धरतो का ते पाहावं. कॉम्प्रेसरने कोंबलेली साधी हवा नको, तिच्यात बाष्प असतं. आणि ऑक्सिजन तर कधीच नको, तेलाशी त्याचा स्फोट होऊ शकतो.

सगळीकडे कोरडं आणि तरी गॅस जातोय? मग संशय डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलवर. तिथे तेल दिसत नाही, म्हणून पाणी निचरणाऱ्या नळीपाशी किंवा झरोक्यात लिक डिटेक्टर धरतात. बऱ्याच गाड्यांत ही कॉइल काढायला अख्खा डॅशबोर्ड खोलावा लागतो, तेव्हा खात्री झाल्याशिवाय हो म्हणू नका.

व्हॅक्यूम किती वेळ करायला हवा?

किमान अर्धा तास, सिस्टीम बरेच दिवस उघडी राहिली असेल तर तासभर. व्हॅक्यूमचं काम फक्त हवा काढणं नाही, आतली ओल काढणं आहे. दाब इतका खाली न्यायचा की पाणी साध्या तापमानालाच उकळून वाफ होऊन निघून जावं.

इथे नाशिकची एक खास गोष्ट आहे. व्हॅक्यूम पाऱ्याच्या इंचांत मोजतात. पुस्तकात लिहिलेलं असतं, काटा २९ इंचांच्या पुढे न्या. आपलं शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, हवेचा दाबच इथे कमी. त्यामुळे साध्या गेजचा काटा इथे २८ च्या आसपास थांबतो. कारागीर पोरं पंपाला दोष देतात, पंप चांगला असतो. ३० अंशांच्या हवेत काटा २७ च्या जवळ गेला की पाणी उकळू लागतं. डिसेंबरच्या सकाळी हवा १०-१५ अंशांवर असताना मात्र शेवटच्या रेघेपर्यंत जावं लागतं, म्हणून तेव्हा जास्त वेळ द्यावा.

त्यानंतर पंप बंद करून दहा-पंधरा मिनिटं काटा बघत बसायचं. हलला तर लिकेज किंवा ओल शिल्लक आहे. पण काटा हलला नाही म्हणजे लिकेज नाहीच, असंही नाही. व्हॅक्यूममध्ये बाहेरचा दाब आत ढकलतो, तो फक्त एका वातावरणाएवढा. चालू एसीत आतून बाहेर दोनशे पीएसआय ढकलत असतात.

गॅस किती भरायचा?

वजनावर. बॉनेटखाली स्टिकर असतो, त्यावर गॅसचं नाव आणि ग्रॅम लिहिलेले असतात. छोट्या गाड्यांत बऱ्याचदा ३५० ते ५०० ग्रॅम, मागच्या सीटसाठी वेगळी कॉइल असलेल्या मोठ्या गाड्यांत त्याहून बरंच जास्त. आधी उरलेला गॅस मशीनने काढून घ्यायचा, मग व्हॅक्यूम, मग वजनकाट्यावर मोजून नेमका तेवढाच. गेज बघत "अजून थोडा, अजून थोडा" करत भरलेला गॅस हमखास कमी-जास्त होतो. जास्त गॅसने जास्त थंड होतं हा समज खोटा आहे. हायचा दाब वाढतो, कॉम्प्रेसरवर ताण येतो आणि गाडी गर्दीत गरम हवा देऊ लागते.

स्वस्त गॅसचा डबा मिळाला, भरू का?

नको. भेसळीच्या सिलेंडरमध्ये जळणारे वायू असू शकतात. काही बनावट मालात आर-४० हा वायू सापडलेला आहे, तो ॲल्युमिनियमशी अभिक्रिया करतो, आणि कॉम्प्रेसर, कंडेन्सर सगळं ॲल्युमिनियमचंच असतं. चालू एसीच्या हाय बाजूला घरी डबा जोडण्याच्या फंदात तर कधीच पडू नका. डब्यात उलटा दाब गेला तर तो फुटतो.

कॉम्प्रेसर जाम झाला. नुसता कॉम्प्रेसर बदलून चालेल?

आतून चुरा झाला असेल तर नाही, आणि हे मी ग्राहकाला नाराज करूनही सांगतो. राखाडी चकाकणारी पूड तेलाबरोबर सगळीकडे पसरते. आजकालच्या कंडेन्सरच्या नळ्या इतक्या बारीक असतात की फ्लशिंग करूनही, म्हणजे आतून धुवूनही, त्या पूर्ण स्वच्छ होत नाहीत. उरलेली पूड नव्या कॉम्प्रेसरमध्ये शिरते. त्यामुळे कंडेन्सर, ड्रायर आणि एक्सपान्शन व्हॉल्व्ह एकदमच बदलावे लागतात. तेल कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच आणि मोजूनच हवं. हे तेल हवेतलं बाष्प पिऊन टाकतं, उघडी बाटली कपाटात ठेवून महिन्याने वापरू नये.

सिस्टीम कोणत्याही मोठ्या कामासाठी उघडली की ड्रायर बदलावा. बऱ्याच गाड्यांत आता तो वेगळा डबा नसतो, कंडेन्सरच्या कडेच्या नळीत दाण्यांची पिशवी असते.

ब्लोअर फक्त शेवटच्या स्पीडवर चालतो.

ब्लोअरचा वेग कमी ठेवणारा रेझिस्टर जळालाय. छोटा भाग आहे, मोटर बदलू नका. मात्र केबिन फिल्टर तुंबलेला असेल तर नवा रेझिस्टरही जळेल.

ड्रायव्हरकडे गरम, शेजारी थंड हवा येते.

दोन शक्यता. गॅस कमी असेल तर कॉइलचा एकच भाग गार होतो. नाहीतर डॅशबोर्डमधली गरम-थंड हवा मिसळणारी झडप अडकलीये. तापमानाचं बटण फिरवताना आतून "टिक टिक टिक" असा आवाज येत असेल तर झडपेच्या मोटरचे प्लास्टिकचे दाते तुटलेत. गेज उत्तम, पाइप गार, तरी झरोक्यातून कोमट हवा, तेव्हाही हीच झडप बघा.

एसी लावला की आंबूस वास येतो.

ओल्या कॉइलवर बुरशी धरलीये. फिल्टर बदला, कॉइल फोमने धुवून घ्या. सुगंधी बाटली लटकवून फक्त वास झाकला जातो. घरी पोहोचण्याआधी दोन-तीन मिनिटं एसी बंद करून ब्लोअर चालू ठेवायची सवय लावा, कॉइल कोरडी होते. गोडसर वास आणि काचेवर चिकट धुकं असेल तर हीटरमधून कूलंट गळतोय. जळकट रबराचा वास आला तर लगेच एसी बंद करा, बेल्ट किंवा क्लच घसरतोय.

शेजारच्या सीटच्या पायाशी पाणी साचतं.

निचऱ्याची नळी तुंबली. खालून हलकी हवा मारली की मोकळी होते. गालिचा उन्हात वाळवा, नाहीतर खालच्या वायरिंगचे जोड गंजतात.

त्र्यंबकच्या पावसात काच धुरकट होते, एसीचा काय संबंध?

फार जवळचा. एसी हवेतलं बाष्प काढून घेतो. बाहेरची हवा घेणारं बटण, एसी चालू, झोत काचेवर, काच अर्ध्या मिनिटात साफ होऊ लागते. होत नसेल तर कॉम्प्रेसर लागतच नाहीये, आणि हे उन्हाळ्याची वाट न बघता दुरुस्त करा. धुक्यात काच न दिसणं हा जिवाशी खेळ आहे. धुरकटपणा बाहेरून असेल तर उलट, काच जास्त गार झालीये. तापमान वाढवा, वायपर फिरवा.

हिवाळ्यात एसी बंदच ठेवावा का?

आठवड्यातून एकदा दहा मिनिटं चालवा. तेल फिरतं, शाफ्टचं सील ओलं राहतं. चार महिने बंद ठेवलेल्या गाड्या मार्चमध्ये लिकेज घेऊन येतात.

कुठला आवाज काळजीचा?

इंजिन बंद केल्यावर "स्स्स्" होतो तो दोन्ही बाजूंचा दाब सारखा होण्याचा, सोडून द्या. चालू असताना डॅशबोर्डमधून सतत सुसकारा येत असेल तर गॅस कमी असू शकतो. एसी बंद असतानाही घरघर येत असेल तर पुलीचं बेअरिंग. ते वेळेत बदला, जाम झालं तर बेल्ट तुटून गाडी रस्त्यात उभी राहील.

थांबलेल्या गाडीत एसी लावून झोपलं तर चालतं का?

बंद गॅरेजमध्ये किंवा पार्किंगच्या तळघरात अजिबात नाही. इंजिनाच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, झोपेत कळतही नाही. उघड्यावरही सायलेन्सरला गळती असेल तर तो धूर आत येऊ शकतो. ड्रायव्हर भावांना विशेष विनंती, काच थोडी उघडी ठेवा किंवा सावलीला उतरून पडा.

इलेक्ट्रिक गाडीचा एसी साध्या गॅरेजात दाखवू का?

तिथल्या माणसाने हाय व्होल्टेजचं प्रशिक्षण घेतलेलं असेल तरच. केशरी वायरींना हात लावायचा नाही. तेलही वेगळं लागतं. साध्या गाडीचं तेल त्यात गेलं तर कॉम्प्रेसरचं विजेचं इन्सुलेशन कमजोर होतं.

जुना गॅस हवेत सोडला तर काय बिघडतं?

आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण हवामान तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० पट आहे. म्हणजे एका छोट्या गाडीतला अर्धा किलो गॅस सोडणं म्हणजे सातशे किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड सोडण्यासारखं. असे गॅस टप्प्याटप्प्याने कमी करण्याच्या किगाली कराराला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली. गॅस काढून साठवणारी मशीन आता मिळते. पिन दाबून फुस्स करणाऱ्याला थांबवा. अंगावर आला तर कातडी गोठते, विस्तवावर गेला तर त्याचे विषारी वायू होतात, त्यामुळे तिथे बिडी-सिगारेटही नको.

दुरुस्तीनंतर गाडी ताब्यात घेताना काय बघू?

बिलावर किती ग्रॅम गॅस भरला ते लिहून घ्या आणि स्टिकरशी ताडून बघा. गेज लावल्यावरचे दोन्ही आकडे मोबाइलमध्ये टिपून ठेवा, पुढच्या वेळी तुलना करता येते. बदललेला जुना भाग मागा, त्यावर तेलाचा डाग कुठे आहे ते दाखवायला सांगा. मग झरोक्यात थर्मामीटर धरा, आधी उभ्या गाडीत, नंतर पाच किलोमीटर फिरून. शक्यतो दुपारी दोनच्या सुमाराला या. संध्याकाळच्या गार हवेत गंगापूर रोडवर मारलेल्या चकरेत कुठलाही एसी थंडच वाटतो.